फाजील इंधनखर्चाची चौकशी

मोटारगाडीच्या मालकांची जी गाऱ्हाणी गॅरेजच्या दारात रोज ऐकू येतात, त्यांत ‘गाडी ॲव्हरेज देत नाही’ ह्या गाऱ्हाण्याइतके सार्वत्रिक आणि त्याच्याइतके संदिग्ध गाऱ्हाणे दुसरे नसेल. ब्रेक लागत नाही, गियर अडतो, गाडी सुरू होत नाही, ही दुखणी जागच्या जागी दाखवता येतात. परंतु पेट्रोल जास्त जळते हे दुखणे डोळ्यांना दिसत नाही, कानांना ऐकू येत नाही, ते केवळ हिशेबातून सिद्ध होते, आणि हिशेब ठेवण्याचा कंटाळा तर आपल्या अंगवळणी पडलेला आहे. परिणामी तक्रार मोघम राहते आणि तिच्यावरचे उपायही मोघमच होतात. एअर फिल्टर बदलला जातो, प्लग बदलले जातात, टाकीत कसल्याशा औषधाची बाटली ओतली जाते, बिल चुकते होते, आणि महिनाभराने गाडी पूर्वीइतकेच पेट्रोल जाळीत असल्याचे ध्यानात येते.

ह्या फसगतीचे मूळ मिस्त्रीच्या लबाडीत क्वचित असते. बहुधा ते विद्येच्या शिळेपणात असते. कुर्ल्याच्या कारखान्यात तयार होणारी फियाट अकराशे आणि तिचाच पुढला अवतार असलेली प्रीमियर पद्मिनी, तशीच हिंदुस्थान मोटर्सची ॲम्बॅसडर, ह्या गाड्यांच्या सहवासात आपल्याकडील मोटारदुरुस्तीच्या किमान दोन पिढ्या घडल्या. त्या गाड्यांत पेट्रोल आणि हवा ह्यांचा संयोग कार्बोरेटरात होत असे, आणि कार्बोरेटर हे निव्वळ यांत्रिक साधन असल्यामुळे त्याचा दोष हाताने चाचपता येई आणि स्क्रू पिळून दूरही करता येई. १९९०च्या दशकाच्या उत्तरार्धात, आणि विशेषेकरून २००० साली प्रदूषणाचे कडक नियम आल्यानंतर, कार्बोरेटर मागे पडला व त्याची जागा इंजेक्टर, संवेदक आणि त्यांच्यावर देखरेख करणारा संगणक ह्या त्रयीने घेतली. यंत्र बदलले, पण उपचारांची जुनी यादी मात्र गॅरेजच्या भिंतीवर तशीच टांगलेली राहिली. जुन्या गाडीत बिघाड पेट्रोलच्या वाटेत असे. नव्या गाडीत तो बहुधा पेट्रोलविषयीच्या माहितीत असतो, आणि हा भेद ज्याला उमगला नाही त्याने कितीही सुटे भाग बदलले तरी त्याच्या पदरी खर्चाखेरीज काही पडत नाही.

पण चिकित्सेकडे वळण्यापूर्वी आजार खरोखरच आहे की नाही ह्याची खातरजमा करावयास हवी, आणि ती करण्याची रीत अगदी साधी असूनही फारच थोडे लोक तिचा अवलंब करतात. ‘पाचशेचे टाका’ असे सांगून पेट्रोल भरणाऱ्या गृहस्थाला आपली गाडी लिटरमागे किती धावते हे कधीही कळणे शक्य नाही, कारण भरण्यापूर्वी टाकीत किती होते आणि आता किती आहे ह्यांपैकी एकही आकडा त्याच्यापाशी नसतो. टाकी काठोकाठ न भरता नळी आपोआप बंद होईपर्यंत भरावी, किलोमीटरचा आकडा टिपून ठेवावा, तीनचारशे किलोमीटर गाडी चालवावी, मग शक्यतो त्याच पंपावर त्याच नळीने पुन्हा आपोआप बंद होईपर्यंत भरावी, आणि धावलेल्या अंतरास दुसऱ्या खेपेच्या लिटरांनी भागावे. दोन वेळच्या भरण्यांत एखाद्या लिटरचे कमीजास्त होणे स्वाभाविक आहे. हिशेब पाच लिटरांवर केला असेल तर ती एक लिटरची चूक वीस टक्क्यांची ठरते, तीस लिटरांवर केला असेल तर तीनसाडेतीन टक्क्यांत जिरून जाते. म्हणून एका टाकीवर निकाल देऊ नये. लागोपाठच्या तीन टाक्यांची सरासरी काढावी. डॅशबोर्डवर जो आकडा झळकतो तो इंजेक्टर किती काळ उघडे राहिले ह्यावरून बांधलेला अंदाज असतो. त्याला पुरावा मानण्यापूर्वी टाकीच्या हिशेबाशी एकदा त्याचा ताळा पाहावा. टायरचे माप बदलले असल्यास किलोमीटरचा आकडाच चुकतो, हेही स्मरणात असू द्यावे.

पंपाच्या मापाविषयी संशय असेल तर तोही मनात कुढत ठेवण्याचे कारण नाही. प्रत्येक पंपावर वैधमापन विभागाने प्रमाणित केलेले पाच लिटरचे माप असते, आणि ग्राहकाने मागणी केल्यास त्यात पेट्रोल भरून दाखवणे पंपचालकावर बंधनकारक आहे; पाच लिटरांत पंचवीस मिलिलिटरपर्यंतची तफावत कायद्याने क्षम्य धरली आहे. पंचवीस मिलिलिटर म्हणजे अर्धा टक्का. ज्याची गाडी वीसऐवजी पंधरा किलोमीटर देऊ लागली आहे त्याने आपल्या दुर्दैवाचे खापर पंपावर फोडण्यापूर्वी ह्या अर्ध्या टक्क्याचा विचार करावा.

दुसरी खातरजमा तुलनेची. गाडी विकत घेताना जाहिरातीत जो आकडा छापलेला असतो तो पुण्याच्या ए.आर.ए.आय. ह्या १९६६ साली स्थापन झालेल्या संस्थेसारख्या प्रमाणित प्रयोगशाळेतील चाचणीचा असतो. आजवर रूढ असलेल्या ह्या चाचणीत गाडी रस्त्यावर धावतच नाही; ती बंदिस्त दालनात फिरत्या रुळांवर उभी असते, तिचे वातानुकूलन बंद असते, वेगाचा आलेख आधीच मुकर्रर केलेला असतो आणि त्यात ताशी नव्वद किलोमीटरच्या वर जाण्याचा प्रसंग येत नाही. वेगवेगळ्या गाड्यांची आपापसांत न्याय्य तुलना व्हावी एवढ्यापुरता तो आकडा उत्तम. परंतु सकाळी सिंहगड रस्त्यावर किंवा अंधेरीच्या पुलाखाली अडकलेल्या गाडीने तो गाठावा ही अपेक्षा अन्यायाची आहे. उभ्या गाडीत इंजिन नुसते चालू ठेवले तरी लहान गाडीसुद्धा तासाला अर्धापाऊण लिटर पेट्रोल घेते, आणि त्या अवधीत धावलेले अंतर शून्य असते. तेव्हा तुलना करावयाची ती जाहिरातीशी नव्हे, तर त्याच गाडीच्या, त्याच रस्त्यावरच्या, गेल्या वर्षीच्या आकड्याशी. ज्याच्यापाशी गेल्या वर्षीचा आकडा नाही त्याने आजपासून टिपण ठेवावयास आरंभ करावा. त्याच्या तक्रारीचा निवाडा आज होऊ शकत नाही.

घट मोजतानाही एक सावधगिरी बाळगावी लागते. लिटरमागे दोन किलोमीटर कमी झाले, एवढे म्हटल्याने नुकसान किती ते कळत नाही. महिन्याला हजार किलोमीटर धावणारी गाडी बाविसावरून विसावर आली तर साडेचार लिटर जास्त जळते. पण दहावरून आठावर आली तर पंचवीस लिटर जास्त जळते. म्हणून हिशेब शंभर किलोमीटरमागे किती लिटर, असा उलटा मांडणे अधिक प्रामाणिक.

घट खरी ठरली म्हणजे मग कारणांचा शोध घ्यावयाचा. एक लिटर पेट्रोलमध्ये सुमारे बत्तीस दशलक्ष ज्यूल इतकी ऊर्जा असते; तिच्यापैकी चाकांपर्यंत पोहोचते ती फार तर पाव हिस्सा, उरलेली सायलेन्सरमधून आणि रेडिएटरमधून उष्णतेच्या रूपाने निघून जाते. साहजिकच फाजील खर्चाच्या शक्यता दोनच राहतात : एक तर चाकांना पूर्वीपेक्षा जास्त जोर लावावा लागत आहे, किंवा तेवढ्याच जोरासाठी इंजिन पूर्वीपेक्षा जास्त पेट्रोल खात आहे. टाकी किंवा नळी गळत असेल तर ती तिसरी शक्यता, पण तिचा पत्ता वास लागताच लागतो, आणि तसा वास आला तर हिशेब बाजूला ठेवून गाडी तत्काळ बंद करावी. ह्या दोन शक्यतांची फारकत न करता गाडी मिस्त्रीच्या हवाली केली, तर मिस्त्री स्वभावतःच बॉनेट उघडतो, आणि दोष चाकात असेल तर तो तिथेच राहतो.

चाकांची परीक्षा बिनखर्चाची आहे. टायरमधील हवा दरवाजाच्या चौकटीवर लिहिलेल्या आकड्याइतकी आहे की नाही, हे गाडी थंड असताना पाहावे. हवा कमी असल्याने इंधन किती वाढते ह्याविषयी लोकांत अतिशयोक्ती फार आहे. अमेरिकन सरकारच्या ऊर्जा खात्याने प्रसिद्ध केलेला हिशेब पाहिला तर चारही टायरांत दर पौंडामागे सुमारे ०.२ टक्के एवढीच घट येते, म्हणजे पाच पौंड कमी असले तरी एक टक्का. टायर झिजतात आणि गाडी वळणावर लोळते, म्हणून हवा भरावी हे खरेच. परंतु निम्मे पेट्रोल त्यापायी उडते असे नव्हे. त्याहून लबाड दोष म्हणजे धरून राहिलेला ब्रेक. पाऊसपाण्यात, विशेषतः कोकणात किंवा गोव्यात, चार महिने उघड्यावर उभी राहिलेली गाडी घ्या : हँडब्रेकची केबल गंजून आवळलेली असते, कॅलिपरच्या पिना सुकून घट्ट झालेल्या असतात, आणि पॅड चकतीला सतत घासत राहतो. चालकाला गाडी किंचित जड वाटते, पण रोजच्या सवयीने ते जडपण जाणवेनासे होते. सपाट रस्त्यावर दहा किलोमीटर चालवून, शेवटी ब्रेक न दाबता गाडी आपोआप थांबू द्यावी आणि चारही चाकांजवळ हात नेऊन पाहावा. तीन चाके कोमट आणि एक तापलेले असेल तर गुन्हेगार सापडला. जॅकवर उचलून चाक हाताने फिरवून पाहणे हा त्याचा दुसरा दाखला. चाकांचे अलाइनमेंट बिघडले असेल तर टायरच्या कडा एकाच बाजूने झिजतात, आणि क्लच सरकत असेल तर चढावर इंजिनचा आवाज चढतो पण गाडीचा वेग चढत नाही. ही दोन्ही लक्षणे जाणत्याला सांगण्याची गरज नाही.

चाके निर्दोष ठरली म्हणजेच बॉनेट उघडावयाचे.

कार्बोरेटरच्या गाड्या आता रस्त्यावरून जवळजवळ नाहीशा झाल्या आहेत. मुंबईच्या रस्त्यांवरील पद्मिनी टॅक्सीलाही २०२३ सालच्या ऑक्टोबरअखेर निरोप मिळाला. तरीही हौसेने जुन्या गाड्या बाळगणारे पुष्कळ आहेत, आणि नव्या यंत्राचे वेगळेपण कळण्यासाठी जुन्याची तोंडओळख उपयोगी पडते. कार्बोरेटरात फ्लोटच्या सुईची टोके झिजली की पेट्रोलची पातळी चढते आणि गाडी ‘ओव्हर’ होऊ लागते. चोकची तार पूर्ण परतत नसेल तर सबंध दिवस गाडी सकाळच्या मिश्रणावर धावते. आणि जेट साफ करण्यासाठी त्यात तार घालण्याची जी वाईट खोड होती तिच्यामुळे त्याचे छिद्र हळूहळू मोठे होत जाई. इंजिनावर बसवलेल्या पेट्रोलपंपाचा पडदा फाटला तर पेट्रोल खाली ऑइलमध्ये झिरपे. डिपस्टिकवर ऑइलची पातळी वाढलेली दिसणे आणि त्याला पेट्रोलचा वास येणे ही त्याची खूण. पॉइंट झिजल्याने ठिणगी उशिरा पडू लागली तर ज्वलनाची शक्ती पिस्टनला ढकलण्याऐवजी सायलेन्सरमध्ये वाया जाई. ह्या साऱ्या दोषांत प्लग काढून पाहणे हे निदानाचे उत्तम साधन होते : टोक भुरकट असेल तर मिश्रण ठीक, कोरडी काजळी असेल तर पेट्रोल जास्त, तेलकट असेल तर पिस्टनच्या रिंगांची किंवा वाल्वच्या सीलची चौकशी करावी. ही परीक्षा आजही खोटी ठरलेली नाही.

खोटी ठरली आहे ती एअर फिल्टरविषयीची श्रद्धा. कार्बोरेटरात फिल्टर तुंबला की हवा कमी पडून मिश्रणात पेट्रोलचे प्रमाण वाढे, म्हणून तो बदलणे हा खरोखरच इलाज होता. इंजेक्शनच्या गाडीत संगणक आत आलेली हवा मोजतो आणि तिच्याच प्रमाणात पेट्रोल देतो; हवा कमी आली तर पेट्रोलही कमी दिले जाते. अमेरिकेतील ओक रिज राष्ट्रीय प्रयोगशाळेने ह्याचा मुद्दाम प्रयोग करून पाहिला, तेव्हा तुंबलेल्या फिल्टरने आधुनिक गाडीचा पिकअप मंदावतो, पण इंधनखर्चात लक्षणीय फरक पडत नाही, असे आढळले. फिल्टर वेळच्या वेळी बदलावा, कारण धूळ इंजिनात जाऊ नये. पण त्याच्या बदलाने ॲव्हरेज सुधारेल असे आश्वासन जो देईल त्याची विद्या पद्मिनीच्या काळातली समजावी.

आता नव्या यंत्राची कार्यपद्धती पाहू. पेट्रोल पूर्ण जळण्यासाठी त्याच्या वजनाच्या १४.७ पट हवा लागते, आणि हे प्रमाण सांभाळण्याची जबाबदारी संगणकावर असते. संगणक स्वतः काहीच पाहत नाही. आत येणाऱ्या हवेचे मान एक संवेदक सांगतो, इंजिनच्या पाण्याचे तापमान दुसरा सांगतो, आणि धुराच्या वाटेवर बसलेला ऑक्सिजन संवेदक ज्वलनानंतर किती प्राणवायू शिल्लक राहिला ते सांगतो. न्यायाधीशाने साक्षीदारांच्या जबान्यांवरून निकाल द्यावा तसा संगणक ह्या तिघांच्या जबानीवरून इंजेक्टर किती काळ उघडावयाचे ते ठरवतो. आणि साक्षीदार खोटे बोलला तर निकाल चुकतो, न्यायाधीश मात्र निर्दोष असतो. म्हणूनच ‘ईसीएम गेला’ असे सांगून हजारो रुपयांचा संगणक बदलण्यास जो सांगतो, त्याच्याकडे साक्षीदारांची उलटतपासणी झाली की नाही ह्याची विचारणा करावी.

ऑक्सिजन संवेदकाची साक्ष कशी फसवते ते पाहण्यासारखे आहे. रूढ प्रकारचा संवेदक धुरात प्राणवायू कमी असेल, म्हणजे पेट्रोल जास्त झाले असेल, तर सुमारे ०.९ व्होल्ट आणि प्राणवायू जास्त असेल तर सुमारे ०.१ व्होल्ट इतका दाब देतो. इंजिन तापलेले असताना हा आकडा वरखाली सतत हेलकावत राहिला पाहिजे. संवेदक म्हातारा झाला की त्याचे हेलकावे मंदावतात किंवा तो एकाच आकड्यावर अडून बसतो. पण संवेदक निरोगी असूनही त्याची जबानी दिशाभूल करू शकते. एखाद्या सिलिंडरात ठिणगी पडत नसेल तर त्यातील हवा न जळता तशीच बाहेर येते. संवेदकाला प्राणवायूच प्राणवायू दिसतो, तो ‘पेट्रोल कमी पडत आहे’ असे कळवतो, आणि संगणक त्या माहितीवर विसंबून सर्व सिलिंडरांना अधिक पेट्रोल देऊ लागतो. संवेदकाच्या अलीकडे धुराच्या नळीस भेग पडून बाहेरची हवा आत शिरत असेल तरीही हेच घडते. दोनचारशे रुपयांचा प्लग किंवा एक फुटका गॅस्केट ह्याचा दोष सहस्रावधी रुपयांच्या संवेदकावर ढकलला जातो तो असा. संवेदक बदलण्यापूर्वी प्लग, कॉइल आणि सायलेन्सरच्या सांध्यांची तपासणी झालीच पाहिजे.

ह्या सर्वांपेक्षा आमच्या मते अधिक दुर्लक्षिलेला आणि आपल्याकडे तर जाणूनबुजून निर्माण केला जाणारा दोष तापमानाचा आहे. थंड इंजिनात पेट्रोलचे बाष्प नीट होत नाही, त्याचा बराच अंश सिलिंडरच्या भिंतींवर ओलाव्यासारखा चिकटून राहतो, म्हणून संगणक आरंभीची काही मिनिटे हेतुतः अधिक पेट्रोल देतो. पूर्वी चोक जे करीत असे ते आता तो करतो. इंजिन लवकर तापावे आणि नंतर एका ठराविक तापमानावर स्थिर राहावे, ह्यासाठी पाण्याच्या वाटेवर थर्मोस्टॅट नावाची एक झडप बसवलेली असते. पाणी सुमारे ८२ ते ८८ अंश सेल्सियसपर्यंत तापेतोवर ती रेडिएटरची वाट बंद ठेवते. परंतु आपल्या देशाची हवा उष्ण, घाट चढताना गाडी तापण्याचे भय प्रत्येकाच्या मनात बसलेले, आणि अडकलेल्या थर्मोस्टॅटपायी हेड गॅस्केट उडाल्याच्या कहाण्या सर्वांनी ऐकलेल्या; तेव्हा ‘आपल्याकडे ह्याची गरज नाही’ असे म्हणून ती झडप काढून टाकण्याचा प्रघात पडला. त्याच्या जोडीला रेडिएटरचा विजेचा पंखा ‘डायरेक्ट’ करून देण्याची कल्पकता आली, म्हणजे किल्ली फिरवताच पंखा सुरू, गाडी गरम असो वा थंड. परिणाम असा की पुण्याच्या डिसेंबरातल्या सकाळी महामार्गावर धावणाऱ्या गाडीचे इंजिन साठ-सत्तर अंशांच्या वर जातच नाही, संगणक ते अद्यापि उबेस आले नाही असे समजून जादा पेट्रोल देत राहतो, ऑइल दाट राहून घर्षण वाढते, आणि पंख्याच्या विजेचा भार अल्टरनेटरवाटे इंजिनावरच पडतो. काही गाड्यांच्या रचनेत तर थर्मोस्टॅट काढल्याने पाणी रेडिएटर टाळून आतल्या आतच फिरू लागते आणि ज्या भयाने तो काढला ते भय खरे होते. हा प्रघात कितीही जुना असला तरी तो चूकच आहे. झडप खराब असेल तर नवी बसवावी, तिची किंमत सहसा दोन टाक्यांच्या पेट्रोलापेक्षा पुष्कळच कमी असते.

थर्मोस्टॅट शाबूत आहे की नाही हे घरच्या घरी पाहता येते. रात्रभर थंड झालेली गाडी सकाळी सुरू करावी आणि, फिरत्या पट्ट्यापासून व पंख्यापासून हात सांभाळून, रेडिएटरकडे जाणारी वरची रबरी नळी अधूनमधून चाचपावी. झडप काम करीत असेल तर नळी बराच वेळ थंड राहून मग एकाएकी गरम होते; पहिल्यापासूनच हळूहळू कोमट होऊ लागली तर झडप उघडी अडकली आहे किंवा कोणीतरी काढून टाकली आहे. गरम रेडिएटरचे झाकण मात्र कोणत्याही कारणास्तव उघडू नये. ह्याच संदर्भात पाण्याच्या तापमान-संवेदकाचीही शहानिशा करावी : त्याचा विद्युतरोध थंडीत जास्त आणि उष्णतेत कमी असतो, तेव्हा त्याची तार सैल झाली किंवा गंजली की संगणकाला इंजिन बर्फासारखे थंड वाटू लागते. पुष्कळ गाड्यांत असा ठळक बिघाड झाला तर इंजिनचा पिवळा दिवा लागतो, पण संवेदक वीसपंचवीस अंशांनीच खोटे बोलत असेल तर दिवा लागत नाही आणि पेट्रोल मात्र जात राहते.

अशा प्रसंगी स्कॅनर उपयोगी पडतो. २०१३पासूनच्या आपल्याकडील मोटारींत सुकाणूखाली त्याचे सोळा पिनांचे कनेक्टर असते, आणि मोबाइलशी जोडले जाणारे लहानसे यंत्र फारशा खर्चाविना मिळते. पण स्कॅनर लावून केवळ ‘कोड’ वाचणे आणि कोडमध्ये ज्याचे नाव येईल तो भाग बदलणे म्हणजे पोलिसांनी फिर्यादीलाच अटक करण्याजोगे आहे. कोड हा तक्रारीचा अर्ज, निकाल नव्हे. त्याऐवजी चालू आकडे पाहावेत. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीत, सुरू करण्यापूर्वी, पाण्याचे तापमान आणि आत येणाऱ्या हवेचे तापमान जवळजवळ सारखे दिसले पाहिजे. दहा मिनिटे चालवल्यावर पाणी ऐंशीच्या पुढे गेले पाहिजे. त्यानंतर ‘फ्युएल ट्रिम’ पाहावा, म्हणजे संगणक मूळ हिशेबात किती टक्के दुरुस्ती करीत आहे तो आकडा. तो शून्याच्या मागेपुढे पाचसात टक्क्यांत असेल तर मिश्रण ठीक आहे आणि चोर चाकांत, तापमानात किंवा चालकाच्या पायात शोधावा. तो ऋण बाजूस पंधरावीसपर्यंत गेला असेल तर इंजेक्टर गळत आहे, पेट्रोलचा दाब जास्त आहे किंवा टाकीतील बाष्पाची झडप उघडी अडकली आहे. धन बाजूस तितकाच गेला असेल तर इंजिनाला पेट्रोल खरोखर कमी पडत असेल किंवा संवेदकाची फसवणूक होत असेल. धन बाजूच्या ह्या दोन कारणांपैकी दुसऱ्यानेच फाजील खर्च होतो, आणि तेथे ठिणगी व धुराची गळती आधी पाहावी हे वर आलेच आहे.

चालकाच्या सवयीविषयी उपदेश पुष्कळ झाले आहेत, म्हणून येथे केवळ दोन जुन्या समजुतींचा समाचार घेतो. घाट उतरताना गाडी न्यूट्रल करून सोडणे हे काटकसरीचे लक्षण मानले जाते. कार्बोरेटरच्या काळी त्यात थोडेफार तथ्य होते. इंजेक्शनच्या गाडीत गियर टाकलेला असताना ॲक्सिलरेटरवरून पाय काढला की संगणक पेट्रोल पूर्णपणे तोडतो आणि चाकेच इंजिनला फिरवतात, उलट न्यूट्रलमध्ये इंजिन जिवंत ठेवण्यासाठी पेट्रोल द्यावेच लागते. शिवाय खंडाळ्याचा उतार केवळ ब्रेकवर उतरणे हे जिवाशी खेळणे आहे. दुसरी समजूत सकाळी गाडी पाचदहा मिनिटे उभ्याउभ्या गरम करण्याची; ह्यात इंजिन तापते सावकाश आणि पेट्रोल जळते थंडीच्या दराने. सुरू केल्यावर अर्ध्या मिनिटात हळूहळू निघावे, हेच योग्य. बाकी वेगाचे गणित निसर्गाचेच आहे : हवेचा अवरोध वेगाच्या वर्गाने वाढतो, त्यामुळे ताशी ऐंशीऐवजी शंभराने जाताना तो दीडपटीहून अधिक होतो, आणि टपावरचा रिकामा कॅरियर त्यात आपली भर घालतो.

घाटाचा हिशेबही एकदा मांडून पाहावा म्हणजे पुष्कळ गैरसमज मिटतात. प्रवाशांसह बाराशे किलो वजनाची गाडी खोपोलीहून लोणावळ्यास जाताना साधारण साडेपाचशे मीटर वर चढते. केवळ एवढे वजन तेवढे उचलण्यासाठीच, इंजिनची कार्यक्षमता पंचवीस टक्के धरली तर, सुमारे पाऊण ते एक लिटर पेट्रोल खर्ची पडते. मुंबईहून पुण्यास येताना गाडी ‘जास्त पिते’ आणि परत जाताना ‘बरी चालते’ असे जे सांगतात ते खोटे बोलत नाहीत, पण त्यांनी दोन्ही फेऱ्यांची सरासरी काढावी.

शेवटी एक असा खर्च उरतो की ज्यावर गॅरेजमध्ये इलाज नाही. आपल्या देशात आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते, आणि इथेनॉलच्या लिटरात पेट्रोलच्या सुमारे दोनतृतीयांश एवढीच ऊर्जा असते. नीती आयोगाच्या २०२१ सालच्या इथेनॉल आराखड्यातच असे नमूद केले आहे की, शुद्ध पेट्रोलसाठी रचलेल्या आणि दहा टक्के मिश्रणासाठी जुळवलेल्या चारचाकी गाड्यांत वीस टक्के मिश्रणामुळे सहा ते सात टक्के, आणि दहा टक्क्यांसाठी रचून वीस टक्क्यांसाठी जुळवलेल्या गाड्यांत एक ते दोन टक्के घट अपेक्षित आहे. तेव्हा जुनी गाडी बाळगणाऱ्याने लिटरमागे पंधरा किलोमीटरचे चौदा झाले म्हणून प्लग, फिल्टर आणि संवेदक बदलीत बसू नये. ते पंधराचे बारा झाले असतील तरच बॉनेट उघडावे, आणि उघडल्यावर प्रथम थर्मोस्टॅट जागेवर आहे की नाही ते विचारावे.